उघड्या कपाटातील चोपडे



आमच्या गावात समाजाचा एक लहानसा शिक्षण साहाय्य निधी आहे. गरजू साधर्मिक कुटुंबांतील मुलामुलींचे महाविद्यालयीन शुल्क या निधीतून भरले जाते आणि कोणास किती दिले हे समितीतील तिघांखेरीज कोणासही कळू द्यायचे नाही, असा पहिल्या दिवसापासूनचा दंडक आहे. बँकेतून निवृत्त झाल्यावर खजिनदारपद माझ्याकडे आले. गेल्या वर्षीच्या वार्षिक सभेत जमाखर्च पडद्यावर दाखवावा, अशी तरुण सभासदांची सूचना होती. मी घरचा लॅपटॉप घेऊन गेलो. सभागृहात साठ-सत्तर माणसे होती. प्रोजेक्टर जोडला, एक्सेल सुरू केले आणि ताळेबंदाची फाईल शोधू लागलो.

एक्सेल सुरू होताच अलीकडे उघडलेल्या फाइलींची यादी आपोआप समोर येते, हे मला ठाऊक होते. रोजच पाहत होतो. परंतु रोज ती यादी माझ्या टेबलावर चौदा इंचांच्या पडद्यावर दिसत असे. त्या दिवशी ती आठ फुटांच्या पडद्यावर दिसली. बँकेत नोकरी केलेल्या माणसाला फाइलीला स्पष्ट नाव देण्याची सवय असते. ‘शुल्क साहाय्य’, पुढे आडनाव, पुढे वर्ष. अशा पाच फायली एकाखाली एक उभ्या होत्या. ताळेबंद सापडेपर्यंत पंधरा-वीस सेकंद गेले असतील. मी एकही गोपनीय फाईल उघडली नाही, कोणाचा आकडा दाखवला नाही, कोणाचे नाव उच्चारले नाही. तरीही सभागृहातील ज्याला वाचता येत होते त्या प्रत्येकाने ती पाच आडनावे वाचली. त्यांपैकी एका कुटुंबातील भगिनी तिसऱ्या रांगेत बसल्या होत्या. ताळेबंद वाचून मान वर केली तेव्हा त्यांची खुर्ची रिकामी होती.

त्यांच्या यजमानांचे बाजारपेठेत चाळीस वर्षांचे दुकान. दोन वर्षे सलग तोटा झाला, उधारी बुडाली. सायंभोजन आटोपून एके रात्री ते माझ्याकडे आले होते. मुलाला अभियांत्रिकीला प्रवेश मिळाला होता, शुल्काची सोय नव्हती. अर्जावर सही करण्यापूर्वी त्यांनी एकच प्रश्न विचारला होता, “नाव कुठे येणार नाही ना?” मी जरा अभिमानानेच म्हणालो होतो, “आयुष्यभर लोकांची खाती सांभाळली, भाऊ. एक नाव बाहेर गेले नाही.”

त्या प्रसंगानंतर या विषयाचा मी जमेल तेवढा अभ्यास केला. आपला संगणक आपल्या खासगी कागदपत्रांचे काय काय आणि कोणाकोणास दाखवतो, याची आपल्यापैकी बहुतेकांना कल्पना नसते. मलाही नव्हती. म्हणून हा लेख.

प्रथम थोडे माझ्या जुन्या व्यवसायाविषयी. राष्ट्रीयीकृत बँकेत रुजू होताना निष्ठा आणि गुप्तता यांच्या प्रतिज्ञापत्रावर सही करावी लागते. १९७० च्या बँक राष्ट्रीयीकरणाच्या कायद्यातच ती तरतूद आहे. पुढे सीएआयआयबीच्या परीक्षेला टूर्नियर खटला पाठ करावा लागे. इंग्लंडमधील १९२४ चा हा निवाडा. टूर्नियर नावाच्या खातेदाराने बँकेचे थोडे देणे थकवले होते. शाखेच्या व्यवस्थापकाने त्याचा घरचा पत्ता मिळवण्यासाठी तो जेथे काम करीत होता तेथे दूरध्वनी केला आणि बोलण्याच्या ओघात त्याच्या थकबाकीचा व जुगाराच्या संशयाचा उल्लेख केला. टूर्नियरची नोकरी गेली. ग्राहकाची माहिती गुप्त ठेवणे हा बँक आणि ग्राहक यांच्यातील कराराचाच अध्याहृत भाग आहे, असे अपील न्यायालयाने त्या वेळी ठरवले. आम्ही हा खटला शिकताना त्या व्यवस्थापकाला हसत असू. काय हा माणूस, पत्ता विचारायला गेला आणि खाते सांगून आला! मीही सभेत ताळेबंद दाखवायला गेलो होतो.

जुन्या पेढीवरची व्यवस्था आठवून पाहावी. लाल कापडी बांधणीचे चोपडे गादीवर दिवाणजींच्या हाताशी असत. गिऱ्हाईक पायरी चढले की उघडी खतावणी सहज मिटली जाई. हे कोणी शिकवलेले नव्हते. हातालाच तशी सवय होती. एकाचे खाते दुसऱ्याच्या नजरेस पडू नये हा व्यापारातील विश्वासाचा पाया होता. चोपडा मिटला की मिटला. संगणकाची वही मात्र मिटल्यावरही आपल्या पाठीवर लिहून ठेवते, की कोणते पान कधी उघडले होते.

याची सुरुवात सोयीतून झाली. ऑगस्ट १९९५ मध्ये विंडोज ९५ आले तेव्हा त्याच्या ‘स्टार्ट’ यादीत ‘डॉक्युमेंट्स’ नावाची उपयादी होती. शेवटी उघडलेली पंधरा कागदपत्रे तिच्यात दिसत. कालचे काम आज पुढे न्यायचे असेल तर शोधाशोध नको, हा हेतू चांगलाच होता. २००९ च्या विंडोज ७ मध्ये खालच्या पट्टीवरील वर्ड किंवा एक्सेलच्या चिन्हावर उजवे बटण दाबले की त्या त्या कार्यक्रमातील अलीकडच्या फाइलींची यादी उसळून वर येऊ लागली. विंडोज १० मध्ये कोणताही फोल्डर उघडायला गेले की आधी नेहमीचे फोल्डर आणि अलीकडच्या फायली. विंडोज ११ मध्ये तर ‘स्टार्ट’ दाबताच ‘शिफारस’ म्हणून आपल्याच फायली आपल्यासमोर मांडल्या जातात. आपण न मागता पुढे ठेवलेल्या या ताटात काय काय वाढले आहे हे पाहणारा प्रत्येक वेळी आपणच असतो, असे गृहीत धरून ही रचना केलेली आहे. एक माणूस, एक संगणक, एक खोली. आपल्याकडे दुकानातला संगणक मुलगा, पुतण्या, हिशेबनीस आणि टॅलीची नोंद करायला येणारा मुलगा असे चौघे वापरतात आणि सांकेतिक शब्द, असलाच तर, पडद्याच्या कडेला चिठ्ठीवर चिकटवलेला असतो.

नाव दिसल्याने काय बिघडते, असे कोणी म्हणेल. माझ्या परिचयातील एका ज्येष्ठ व्यापाऱ्यांनी आपले मृत्युपत्र स्वतःच संगणकावर लिहायला घेतले. दुकान, घर, गावाकडची शेती, दोन मुलगे, एक विवाहित कन्या. धाकटा मुलगा एका ग्राहकासाठी दरपत्रक छापायला बसला आणि वर्डच्या यादीत त्याला ‘मृत्युपत्र मसुदा ४’ असे नाव दिसले. तो मुलगा सरळ स्वभावाचा. त्याने फाईल उघडली नाही. परंतु मसुदा चौथा आहे, म्हणजे आधी तीन झाले, म्हणजे काहीतरी तीनदा बदलले, एवढे त्याला नावावरूनच कळले. काय बदलले हे कळले नाही, आणि मनस्ताप झाला तो त्याचाच. त्या घरात सहा महिने जेवणाच्या वेळी कोणी मोकळेपणाने बोलत नव्हते. पुढे वडिलांनीच विषय काढला म्हणून निभावले. मोठ्या मुलाला मी हे विचारले तेव्हा तो म्हणाला, “काका, फाईल उघडली असती तर बरे झाले असते. आत सगळे समान होते.”

आता चित्रांकडे वळू. फोल्डर उघडला की छायाचित्रे आणि पीडीएफ यांच्या छोट्या प्रतिमा दिसतात. त्या दर वेळी नव्याने काढायच्या तर संगणक मंदावतो, म्हणून एकदा काढलेली प्रतिमा तो आपल्याजवळ साठवून ठेवतो. विंडोज एक्सपीपर्यंत ही साठवण त्याच फोल्डरमध्ये एका लपलेल्या फाइलीत होई. व्हिस्टापासून ती वापरकर्त्याच्या नावाच्या फोल्डरात खोलवर, एकत्र होऊ लागली. मूळ छायाचित्र पुसले तरी साठवलेली छोटी प्रतिमा तेथे राहू शकते. गुन्ह्यांच्या तपासात संगणक तपासणारे तज्ज्ञ पुसलेल्या चित्राचा माग काढण्यासाठी हीच साठवण उघडतात, यावरून तिचे महत्त्व ध्यानात यावे. त्याचप्रमाणे ‘अलीकडील’ यादीसाठी विंडोज प्रत्येक फाइलीचा एक छोटा दुवा तयार करते. त्या दुव्यात फाइलीचे नाव, ठिकाण आणि वेळ असते. पेनड्राईव्हवरची फाईल उघडून पेनड्राईव्ह खिशात घालून आपण घरी गेलो तरी दुवा त्या संगणकावर मागे राहतो. झेरॉक्सच्या दुकानात जाऊन पेनड्राईव्हमधून मुलीच्या विवाहाचे परिचयपत्र छापून आणणाऱ्या पालकांनी हे ध्यानी घ्यावे.

ॲपलचा संगणक महाग, म्हणून सुरक्षित, असा एक समज आपल्याकडे आहे. २०१८ मध्ये वोयचेख रेगुवा आणि पॅट्रिक वॉर्डल या दोन सुरक्षा-अभ्यासकांनी दाखवून दिले की मॅक संगणकातील ‘क्विक लुक’ ही सोय कुलूपबंद, म्हणजे सांकेतिक लिपीत रूपांतरित केलेल्या पेनड्राईव्हमधील चित्रांच्याही छोट्या प्रतिमा काढते आणि त्या संगणकाच्या मूळ डिस्कवर विनाकुलूप ठेवते. तिजोरीतला कागद तिजोरीतच राहिला, पण त्याची नक्कल टेबलाच्या खणात पडून राहिली. तिजोरी करणाऱ्याचा दोष नाही आणि टेबल करणाऱ्यालाही वाटत होते की आपण मदतच करीत आहोत.

याच दिशेने पुढचे पाऊल मायक्रोसॉफ्टने २० मे २०२४ रोजी जाहीर केले. ‘रिकॉल’ हे त्याचे नाव. विशिष्ट नव्या संगणकांवर ही सोय दर काही सेकंदांनी पडद्याचे छायाचित्र टिपणार, त्यातील अक्षरे वाचून ठेवणार आणि महिन्यांपूर्वी पाहिलेला एखादा कागद नुसत्या वर्णनावरून शोधून देणार. छायाचित्रे संगणकातच राहतील, बाहेर जाणार नाहीत, असे कंपनीचे म्हणणे होते. परंतु काही दिवसांतच अभ्यासकांनी दाखवले की ही सर्व नोंद संगणकात साध्या वाचता येण्याजोग्या स्वरूपात पडून आहे. संगणकात शिरलेल्या कोणासही ती उचलता येईल. टीका एवढी झाली की जूनमध्ये ती सोय बाजारात येता येता थांबवण्यात आली. पुढे वापरकर्त्याने स्वतः होकार दिल्याशिवाय ती सुरू होणार नाही, नोंद सांकेतिक लिपीत राहील आणि ती पाहण्यासाठी वापरकर्त्याने स्वतःची ओळख पटवावी लागेल, असे बदल करून एप्रिल २०२५ मध्ये ती देण्यास सुरुवात झाली. मे २०२५ मध्ये ‘सिग्नल’ या संदेश-सेवेने आपली खिडकी रिकॉलला दिसूच नये अशी तजवीज केली. म्हणजे संदेश पाठवणाऱ्या ॲपला आपल्या वापरकर्त्याच्या संगणकापासूनच पडदा करावा लागला. दिवाळीत नवा लॅपटॉप घेणाऱ्या कुटुंबांनी सुरुवातीच्या पडद्यांवर ‘होय, होय’ करीत पुढे जाऊ नये, एवढेच येथे सांगतो.

त्या सुरुवातीच्या पडद्यांवर आणखी एक गोष्ट ठरते. विंडोज ११ मायक्रोसॉफ्टच्या खात्याने सुरू केले की डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स आणि छायाचित्रे यांची प्रत ‘वनड्राईव्ह’ या त्यांच्या दूरस्थ साठवणीत जाण्याची व्यवस्था पुष्कळदा तेथेच लागते. मग तेच खाते ज्या ज्या यंत्रावर असेल तेथे त्या फायली दिसू लागतात. दुसऱ्या यंत्रावर, अगदी मोबाइलवर पाहिलेल्या फायलीही ‘स्टार्ट’मध्ये दाखवू, हे विंडोज ११ चे वैशिष्ट्य म्हणून २०२१ मध्ये कंपनीने जाहिरातच केली होती. आपल्या कुटुंबांत एकच खाते वडील, मुलगा आणि दुकान यांच्यात फिरते. काटकसर म्हणून किंवा सांकेतिक शब्द एकालाच आठवतो म्हणून. परिणामी पुण्याला शिकणाऱ्या मुलाने वसतिगृहात लॅपटॉप उघडला की गावच्या पेढीवरील येणे-बाकीची यादी त्याच्या मित्रांसमोर पडद्यावर येते.

इथे एक गंमतीची, म्हटली तर खेदाची गोष्ट सांगायला हवी. जे झाकायचे ते उघडे टाकणारा हाच संगणक जे दाखवायचे ते मात्र झाकून ठेवतो. फाइलीच्या नावाचे शेपूट, ज्यावरून ती कोणत्या प्रकारची आहे हे कळते, विंडोज नेहमीच्या मांडणीत दाखवत नाही. मे २००० मध्ये ‘आय लव्ह यू’ नावाचा विषाणू जगभर पसरला तो या आडोशाचा लाभ घेऊनच. जोडलेली फाईल साधे पत्र वाटे, कारण तिचे खरे शेपूट झाकलेले होते. आजही ‘बिल पीडीएफ’ असे दिसणारे काहीतरी ईमेलने येते आणि ते बिल नसते, चोर असतो. असा चोर आत शिरला की वर सांगितलेल्या सर्व याद्या त्याला आयत्या सापडतात.

एक्सेलमधील लपवलेली पाने हा याच दुखण्याचा आणखी एक प्रकार. ऑगस्ट २०२३ मध्ये उत्तर आयर्लंडच्या पोलीस दलाने माहितीच्या अधिकाराखालील एका अर्जाला उत्तर म्हणून एक्सेलची फाईल दिली. दिसणाऱ्या पानावर केवळ संख्या होत्या. मागे एक पान लपलेले राहून गेले होते, आणि त्यात दलातील ९,४८३ अधिकारी व कर्मचाऱ्यांची आडनावे, आद्याक्षरे, हुद्दे आणि नेमणुकीची ठिकाणे होती. ती फाईल संकेतस्थळावर काही तास सर्वांसाठी उघडी होती. त्या प्रदेशात पोलिसांवर हल्ले होत आलेले आहेत. पुष्कळ जण आपला पेशा शेजाऱ्यांनाही सांगत नाहीत. ब्रिटनच्या माहिती आयुक्तांनी त्या दलास साडेसात लाख पौंडांचा दंड केला. आपण व्यापारी मंडळी पुरवठादाराला दरपत्रक पाठवताना खरेदी-किमतीचा स्तंभ ‘हाईड’ करतो आणि निर्धास्त होतो. समोरच्याने दोनदा क्लिक केले की तो स्तंभ उघडतो. पाठवायचे ते पीडीएफ करून पाठवावे किंवा हवे तेवढेच नव्या फाइलीत घ्यावे.

कापलेल्या चित्राचेही तसेच. पैसे भरल्याचा पुरावा म्हणून बँकेच्या पडद्याचे छायाचित्र घेऊन वरची शिल्लक कापून टाकायची, ही आता रीतच झाली आहे. २०२३ च्या मार्चमध्ये उघड झाले की गुगलच्या पिक्सेल फोनमधील आणि विंडोजमधीलही छायाचित्र कापण्याच्या सोयीत दोष होता. कापलेला भाग काही वेळा फाइलीच्या शेवटी तसाच राहत होता आणि परत मिळवता येत होता. दोष लगेच दुरुस्त झाले. त्यापूर्वी पाठवलेली चित्रे परत मागवता येत नाहीत.

आपल्या परंपरेत मन, वचन आणि काय यांच्या तीन गुप्ती सांगितल्या आहेत आणि त्यांच्या जोडीला पाच समिती. त्यांतील आदान-निक्षेपण समिती म्हणजे वस्तू उचलताना आणि ठेवताना बाळगायची सावधानता. ती मुनिधर्माची शिस्त आहे आणि तिचा हेतू जीवरक्षा आहे, हे मी जाणतो. ओढूनताणून अर्थ लावण्याचा माझा हेतू नाही. परंतु कोणाचा कागद हाती घेतला, कोठे ठेवला, त्याखाली कोण चिरडले जाईल, हा विचार त्या सभेनंतर माझ्या मनात पुन्हा पुन्हा आला, एवढे प्रामाणिकपणे नमूद करतो.

करायचे काय? सर्वांत आधी, प्रत्येकाचे वेगळे खाते. विंडोजमध्ये एकाच संगणकावर चौघांची चार खाती करता येतात, त्याला एक पैसाही लागत नाही. हिशेबनीसाचे वेगळे, मुलाचे वेगळे, आपले वेगळे, प्रत्येकाचा सांकेतिक शब्द वेगळा, आणि संगणकाचा पूर्ण अधिकार असलेले खाते एकाच जबाबदार माणसाकडे. मग याद्याही वेगळ्या राहतात. माझ्या मते निम्मा प्रश्न येथेच सुटतो आणि आपल्याकडे नेमके हेच कोणी करीत नाही. वेगळे खाते मागितले की घरात अविश्वासाची शंका घेतली जाते. बँकेत शेजारी शेजारी बसणारे दोन अधिकारीही एकमेकांच्या खात्याने काम करीत नाहीत. त्यात अविश्वास नसतो. उद्या काही घडले तर निर्दोष माणसावर बालंट येऊ नये, ही काळजी असते. जागेवरून उठताना विंडोजचे चिन्ह असलेली कळ आणि ‘एल’ एकत्र दाबावी. पडद्याला कुलूप लागते. गिऱ्हाईक आल्यावर खतावणी मिटण्याची ती आजची पद्धत.

मग याद्या. फाईल एक्सप्लोररमध्ये ‘फोल्डर ऑप्शन्स’ उघडले की पहिल्याच पानावर तळाशी ‘प्रायव्हसी’ हा भाग असतो. तेथे अलीकडच्या फायली व नेहमीचे फोल्डर दाखवण्याच्या खुणा काढाव्यात आणि ‘क्लिअर’ दाबावे. त्याच ठिकाणच्या ‘व्ह्यू’ पानावर छोट्या प्रतिमांऐवजी नेहमी चिन्हेच दाखवण्याची सोय आहे आणि फाइलींची शेपटे दाखवण्याचीही. ‘स्टार्ट’मधील शिफारशी ‘सेटिंग्ज’ मधील ‘पर्सनलायझेशन’ येथून बंद होतात. एक्सेल आणि वर्ड यांची यादी स्वतंत्र असते: ‘ऑप्शन्स’मधील ‘ॲडव्हान्स्ड’ येथे अलीकडच्या किती फायली दाखवायच्या तो आकडा शून्य करावा. मला हे सर्व करायला पाऊण तास लागला. नातीला सांगितले असते तर दहा मिनिटांत झाले असते.

प्रोजेक्टर किंवा दुकानातील टीव्ही जोडताना विंडोजची कळ आणि ‘पी’ दाबावी. समोर चार पर्याय येतात. ‘डुप्लिकेट’ म्हणजे आपल्या पडद्यावरचे सर्व तेथे. ‘एक्स्टेंड’ निवडले तर आपण ओढून नेऊ तेवढीच खिडकी तिकडे जाते आणि शोधाशोध आपल्याजवळच राहते. हे एक बटण मला त्या दिवशी माहीत असते तर! झूम किंवा गुगल मीटवरही संपूर्ण पडदा न दाखवता केवळ ती एक खिडकी दाखवावी आणि तत्पूर्वी संगणकावरील व्हॉट्सॲप बंद करावे. व्यापारी संघाच्या बैठकीत सासूबाईंच्या प्रकृतीचा संदेश कोपऱ्यातून उगवलेला मी पाहिला आहे.

दुकानांबाबत थोडे अधिक. २०१६ पासून दोन लाखांवरील खरेदीला पॅन बंधनकारक झाल्यावर सराफी पेढ्यांत ग्राहकांच्या ओळखपत्रांच्या प्रती जमू लागल्या. ग्राहक त्या व्हॉट्सॲपवर पाठवतो, काउंटरवरचा मुलगा त्या संगणकावर उतरवतो आणि त्या ‘डाउनलोड्स’ नावाच्या फोल्डरात वर्षानुवर्षे पडून राहतात. काउंटरवरचा पडदा ग्राहकाकडे थोडा वळवलेला असतो, बिल दाखवायला. पुढच्या ग्राहकासाठी तो फोल्डर उघडला की आधीच्या पन्नास ग्राहकांची आधार कार्डे, पॅन कार्डे, छायाचित्रांसह रांगेने उभी. अपरिग्रहाचे व्रत आपण तोळे-मासे आणि वस्त्रपात्रांपुरते का धरावे, असा प्रश्न मला एका पेढीवर बसलो असता पडला. काम झाले की प्रत पुसावी, कायद्याने ठेवणे आवश्यक असेल तेवढीच वेगळ्या, कुलूपबंद जागी ठेवावी. ग्राहक म्हणून आपण देताना ‘मास्क्ड’ आधार द्यावे. आधार प्राधिकरणाच्या संकेतस्थळावरून ते मिळते आणि त्यात पहिले आठ अंक झाकलेले असतात.

कायद्याचे म्हणाल तर २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने पुट्टस्वामी खटल्यात खासगीपणा हा मूलभूत अधिकार असल्याचे एकमताने सांगितले. त्यानंतर २०२३ मध्ये डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षणाचा कायदा झाला. घरगुती, वैयक्तिक कारणासाठी ठेवलेली माहिती त्यातून वगळली आहे; दुकानाने घेतलेली ग्राहकाची माहिती वगळलेली नाही. ती सांभाळण्यासाठी वाजवी सुरक्षा-उपाय न योजल्यास दंडाची कमाल मर्यादा अडीचशे कोटी रुपये आहे. लहान दुकानदाराला एवढा दंड कोणी करील असे नाही, पण सनदी लेखापालांना या वर्षी हा प्रश्न अवश्य विचारून ठेवावा.

निधीचे म्हणाल तर, आता फाइलींना नावे नाहीत, केवळ क्रमांक आहेत. क्रमांक कोणाचा हे एका हाताने लिहिलेल्या वहीत आहे आणि ती वही समितीच्या कपाटात. सभांना मी स्वतःचा लॅपटॉप नेत नाही. ताळेबंद पेनड्राईव्हवर घेऊन कोऱ्या संगणकावर दाखवतो. खजिनदारपदाचा राजीनामा दिला होता, समितीने तो घेतला नाही.

सभेच्या दुसऱ्याच दिवशी मी त्यांच्या दुकानी गेलो. त्यांनी नेहमीप्रमाणे पाणी दिले, खुर्ची दिली. मी क्षमा मागितली. पर्युषण पर्व दोन महिन्यांवर होते, ते म्हणाले, “क्षमा काय, ती तर दरवर्षी मागतोच आपण एकमेकांची.” पुढे बाजारभावाबद्दल बोलले. भगिनी त्यानंतर सभेला आलेल्या नाहीत.

मुलगा पहिल्या वर्षी चांगल्या गुणांनी उत्तीर्ण झाल्याचे इतरांकडून कळले. दुसऱ्या वर्षाच्या शुल्कासाठीचा अर्ज मात्र यंदा त्यांच्याकडून आला नाही. अर्जाची मुदत जूनअखेर होती. समितीला विचारून मी ती सर्वांसाठी महिनाभर पुढे नेली आहे.